लहान पेढीचा टपालाचा पत्ता: वाडा, भाड्याची खोली की 'व्हर्च्युअल ऑफिस'? (बडोदा)

मेतकूट

नमस्कार मंडळी. दोघींची भागीदारी पेढी सुरू होते आहे. माल म्हणजे मेतकूट, गोडा मसाला, कोरड्या चटण्या. हाताशी तीन पत्ते आहेत.

१) दांडिया बाजारातला वाडा. एकत्र कुटुंबाचा. वेरा बिल (घरपट्टीचं) अजून आजोबांच्या नावावर (आजोबा हयात नाहीत), लाइट बिल मोठ्या काकांच्या.
२) मांजलपूरची भाड्याची खोली आणि मागचं स्वयंपाकघर. माल इथेच होणार, पॅकिंगही इथेच. करार ११ महिन्यांचा, नोंदवलेला नाही. सकाळी ९ ते २ माणसं असतात, नंतर कुलूप.
३) अलकापुरीत एक 'व्हर्च्युअल ऑफिस'. म्हणजे जागा नाही, नुसता पत्ता भाड्याने. वर्षाचं पॅकेज, पत्ता दिसायला झकास.

मुंबई-पुण्याला कुरियरने माल जाईल. जीएसटी घ्यायचा आहे, करंट खातं उघडायचं आहे, पाऊच छापायला टाकायचे आहेत. घरचा पत्ता पाऊचवर नको, असं दुसऱ्या भागीदारीणबाईंचं म्हणणं. टपालाचा पत्ता कुठला धरू?

हिशेबनीस

ताई, हा एका पत्त्याचा प्रश्न नाही, तीन पत्त्यांचा आहे. सरकारदरबारी नोंदलेला, टपाल-कुरियर ज्यावर हातात पडतं तो, आणि पाऊचवर छापलेला. तिन्ही एक असले तर निस्तरायला सोपं. वेगळे असले तरी बेकायदा काही नाही, फक्त कुठला कशासाठी हे आधी ठरलेलं हवं.

जीएसटीपासून सुरू करा, कारण बाकीचे कागद त्याच्या मागे येतात. माल गुजरातबाहेर जाणार म्हणजे उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागणारच. मालाच्या ४० लाखांच्या मर्यादेचा आधार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. अर्जात 'मुख्य जागा' एकच असते, 'अतिरिक्त जागा' हव्या तितक्या जोडता येतात. हिशेबाची दप्तरं मुख्य जागेवर ठेवायची असा कायदा आहे, संगणकावर असली तरी तिथून दाखवता आली पाहिजेत. तेव्हा मुख्य जागा म्हणजे जिथे काम होतं ती. तुमच्या बाबतीत मांजलपूर.

कागद असे:

स्वतःची जागा असेल तर ताजी वेरा पावती, लाइट बिल किंवा महापालिकेचा उतारा, यांतला कुठलाही एक.

भाड्याची असेल तर चालू भाडेकरार आणि घरमालकाच्या मालकीचा वरच्यापैकी एक कागद. करार नोंदवलेला नसेल तर घरमालकाच्या ओळखपत्राची प्रतही. तुम्हाला ही लागेल.

नातेवाइकाची किंवा दुसऱ्याची जागा संमतीने वापरत असाल तर साध्या कागदावर संमतीपत्र, संमती देणाऱ्याचं ओळखपत्र आणि मालकीचा एक कागद.

यापलीकडे घरमालकाचं पॅन, खोलीचे आतले फोटो, असलं काही मागू नये असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं १७ एप्रिल २०२५ चं निर्देशपत्र आहे, क्रमांक ०३/२०२५. ते केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी. अर्ज राज्याच्या घटकाकडे (स्थानिक जीएसटी कार्यालयाकडे) गेला तर हाच मुद्दा नम्रपणे लिहा, भांडू नका. शंकापत्र आरईजी-०३ या नमुन्यात येतं, उत्तर आरईजी-०४ मधून ७ कामकाजी दिवसांत. दिवस चुकला की अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ईमेल रोज उघडत नसाल तर टपालाचा पत्ता कितीही चांगला असून उपयोग नाही.

आणखी एक, आधारच्या पडताळणीसाठी बोटांचे ठसे द्यायला बोलावलं तर जीएसटी सेवा केंद्रात अपलोड केलेल्या कागदांचे मूळ न्यायचे. ही पद्धत देशात पहिल्यांदा गुजरातेतच सुरू झाली, नोव्हेंबर २०२३ मध्ये. घरमालक मूळ वेरा पावती हातात देईल का, हे अर्ज भरण्याआधी विचारा.

जुनी_पोळ

वाड्याबद्दल लिहितो, कारण इथल्या निम्म्या लोकांचं घोडं इथेच अडतं.

वेरा बिल दिवंगत माणसाच्या नावावर असेल तर संमतीपत्रावर सही कोण करणार? म्हणून तो कागद जोडूच नका. लाइट बिल काकांच्या नावावर आहे ना, मग काकांची संमती, काकांचं ओळखपत्र आणि काकांचं लाइट बिल. 'पक्कं काम' म्हणून लोक दोन्ही बिलं जोडतात, दोन नावं दिसतात, आणि मग मालक नक्की कोण हे विचारणारं पत्र येतं. एक कागद मागितला तर एकच द्यावा.

वाडा पुढे कधीतरी लागणारच असेल तर वेरा बिलावर नाव चढवून ठेवा. मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडचं पेढीनामू (वारसांची वंशावळ), बाकी वारसांच्या संमत्या. वारस चार गावी असतील तर यातच महिने जातात, म्हणून धंद्याच्या अर्जाशी त्याची गाठ मारू नका.

आणि जुन्या शहरातल्या पत्त्यांचा स्वभाव ओळखा. वेरा बिलावर सिटी सर्व्हे आणि टिका नंबर (जमिनीच्या नोंदीतले), लाइट बिलावर पोळेचं, म्हणजे गल्लीचं, नाव, आधारवर 'अमक्या देवळासमोर'. एकावर 'बरोडा', दुसऱ्यावर 'वडोदरा'. माणसाला कळतं की घर एकच आहे, पण कागद तपासणारा अक्षरं जुळवतो. ज्या कागदाच्या आधारे अर्ज करणार, त्यावर पत्ता जसा छापला आहे तसाच, त्याच क्रमाने अर्जात भरा. जवळची खूण शेवटी.

अलकापुरी_पश्चिम

व्हर्च्युअल ऑफिसला सगळे उगाच शिव्या घालतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सॉफ्टवेअर, डिझाइन, सल्लागारी, ज्याला माल ठेवायचा नाही, त्याला चालवलेल्या को-वर्किंग जागेतला पत्ता पूर्ण कायदेशीर आहे. करार असतो, जागामालकाचे कागद मिळतात, रिसेप्शनवर माणूस बसलेला असतो. घरापेक्षा टपाल तिथे जास्त सुरक्षित.

हिशेबनीस

माणूस खरंच बसलेला असेल तर. अडचण पत्त्याची नसते, पाटीची असते. नोंदणी प्रमाणपत्र जागेत दिसेल असं लावायचं आणि जीएसटी क्रमांक प्रवेशाच्या पाटीवर, हा नियम १८. न लावल्यास केंद्र आणि राज्य मिळून ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका टेबलाच्या पत्त्यावर पाऊणशे पेढ्या, त्यांतल्या किती जणांची पाटी भिंतीवर मावते? प्रत्यक्ष तपासणी निघाली की अधिकारी फोटोसकट अहवाल पोर्टलवर चढवतो. पाटी नाही, नाव विचारलं तर रिसेप्शनची मुलगी 'असं कुणी नाही' म्हणते. मग नोंदणी रद्द का करू नये याची नोटीस.

पैसे भरण्याआधी त्यांना विचारा: करार पेढीच्या नावाने की फक्त 'सदस्यत्वाची पावती'? जागेचा मूळ मालक कोण, आणि मधल्या कंपनीला पुढे भाड्याने द्यायची परवानगी लेखी आहे का? पाटी लावू देणार का? स्पीड पोस्टवर सही कोण करणार आणि त्याच दिवशी कळवणार का? करार संपल्यावर आलेलं टपाल परत पाठवणार की ठेवून घेणार? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण खांदे उडवतात.

मसाल्याच्या पेढीला मात्र हे नकोच. तिथे ना चूल, ना माल, ना दप्तर.

अलकापुरी_पश्चिम

मसाल्यासाठी नको, हे मान्य. दुसरा प्रश्न मात्र बरोबर विचारलात. पोटभाड्याची परवानगी नसलेले करार सर्रास दिसतात.

पत्रपेटी

मुख्य प्रश्नाला, म्हणजे टपालाला, अजून कुणी हात घातलेला नाही.

टपालाचा पत्ता निवडताना एकच कसोटी लावा: कामाच्या दिवशी पोस्टमन येईल त्या वेळी सही करणारा माणूस तिथे असतो का? साधं पत्र फटीतून आत जातं. नोटिसा, बँकेची कार्डं, चेकबुकं सहीने येतात. आता रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, म्हणजे सहीचं सगळं त्याच वाटेने येणार.

दार बंद दिसलं की सूचना-चिठ्ठी टाकली जाते आणि पाकीट डिलिव्हरीच्या पोस्टात साधारण ७ दिवस थांबतं. कुणी गेलं नाही की शेरा मारून परत. तो शेरा फार महत्त्वाचा. 'घेण्यास नकार' किंवा 'सूचना देऊनही नेलं नाही' असा शेरा, आणि पत्ता बरोबर, तर कायद्याच्या दृष्टीने पत्र पोचलंच असं धरलं जातं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम २७ त्यासाठीच आहे. चेक परतल्याच्या नोटिशीलाही हेच लागू, सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलंय. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात. कुलूपबंद पत्त्यावर ते १५ दिवस तुमच्या नकळत सरकून जातात. डबेवाल्याला, मिरचीवाल्याला पुढच्या तारखेचे चेक देणार असाल तर हे लक्षात ठेवा.

पेढीच्या नावाचं पत्र परत जाण्याचं सगळ्यात साधं कारण वेगळंच असतं. दारावर आडनावाची पाटी, पाकिटावर पेढीचं नाव. नवा पोस्टमन बीटवर आला की 'या नावाचं कोणी नाही' लिहून मोकळा. उपाय दोन. पत्रपेटीवर पेढीचं नाव रंगवा, कागद चिकटवू नका, पावसाळ्यात जातो. आणि डिलिव्हरीच्या पोस्टात पोस्टमास्तरांच्या नावे एक पत्र द्या: या पत्त्यावर अमुक पेढी आहे, टपाल घ्यायला या दोघींना अधिकार आहे, या त्यांच्या नमुना सह्या. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून परत घ्या. लक्षात घ्या, डिलिव्हरीचं पोस्ट म्हणजे घराजवळचं पोस्ट असेलच असं नाही. पिनकोडवरून विचारून घ्या. मांजलपूर ३९००११, दांडिया बाजार ३९०००१.

पोस्ट बॉक्स नंबर हा तिसरा मार्ग. रावपुऱ्याच्या मुख्य पोस्टात चौकशी करा. वर्षाचं भाडं भरायचं, टपाल आपण जाऊन आणायचं. फायदा हा की कुलपाची चिंता नाही आणि घरचा पत्ता बाहेर जात नाही. तोटा असा की कुरियरवाले तिथे टाकू शकत नाहीत, आणि जीएसटी, बँक, परवाना यांपैकी कुठेही तो 'जागा' म्हणून चालत नाही. ग्राहकांची पत्रं, मासिकांची वर्गणी, एवढ्यापुरताच.

पाऊचछपाई

पाऊच छापायला टाकायचे आहेत हे वाचून थांबवतोय. आधी पत्ता पक्का करा, मग छपाईचं सिलिंडर बनवा. ग्रॅव्हिअर छपाईत पत्त्याची एक ओळ बदलायची म्हणजे त्या रंगाचं सिलिंडर नव्याने.

पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं किंवा पॅकरचं नाव आणि पूर्ण पत्ता लागतो. पूर्ण म्हणजे जागेचा नंबर, रस्ता, गाव, राज्य, पिन. 'मांजलपूर, बडोदा' एवढ्यावर भागत नाही. ग्राहक तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन, ईमेल हे वेगळं. उत्पादकाचा पत्ता मांजलपूरचाच छापावा लागेल, कारण अन्न परवाना जागेला मिळतो, माणसाला नाही. १४ अंकी परवाना क्रमांक आणि पत्ता जुळला पाहिजे. तक्रारीचा पत्ता मात्र दुसरा देता येतो. म्हणजे भागीदारीणबाईंची घरच्या पत्त्याची काळजी मिटली, वाडा कुठेच छापावा लागत नाही.

भाड्याची जागा सोडली तर? जुना पत्ता छापलेल्या पाऊचवर नव्या पत्त्याचा स्टिकर लावून चालत नाही, छापील मजकूर बदलणारे स्टिकर नियमात बसत नाहीत. म्हणून ११ महिन्यांच्या करारावर पाच वर्षांचे पाऊच छापू नका. पुढची बाजू रंगीत आणि कायमची, पत्त्याचा मजकूर मागच्या लेबलवर, लेबलं थोडी थोडी छापायची. सुरुवातीला हेच परवडतं.

शिवाय पॅकर म्हणून वैधमापन खात्याकडे पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते. तिथेही हाच पत्ता.

मेतकूट

सगळ्यांचे आभार. मग मांजलपूर मुख्य जागा, हे ठरलं. प्रश्न उरले ते असे. २ नंतरच्या कुलपाचं काय? परत आलेली पार्सलं कुठे घ्यायची? आणि घरमालक म्हणतात की लाइट बिल घरगुती दराचं आहे, तुमच्यामुळे मला त्रास नको.

जुनी_पोळ

घरमालकांचं बरोबर आहे. घरगुती जोडणीवर धंदा चालला तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ लागतं, आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट. किती दिवस चाललं हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. ग्राइंडर, सीलिंग मशीन, भट्टी म्हणजे लपण्यासारखं नाही. एमजीव्हीसीएलकडे (इथली वीज कंपनी) दर बदलायचा किंवा वेगळ्या जोडणीचा अर्ज करा, आणि बिल कोण भरणार हे करारात लिहा. वेऱ्याचंही तसंच. व्यापारी वापर दाखवला की वेरा वाढतो, ती वाढ कुणाच्या खिशातून हे आत्ताच ठरवा. हे न ठरवता केलेले करार सहाव्या महिन्यात मोडतात. आणि पत्ता सोबत जातो.

रिटर्नवाला

पार्सलचं सांगतो. कुरियरच्या पॅनेलवर उचलण्याचा आणि परतीचा पत्ता वेगवेगळे टाकता येतात, बरेच जण तसेच सोडतात आणि दोन्ही एकच राहतात. परतीच्या गाड्या बहुधा दुपारनंतर फिरतात, म्हणजे तुमच्या कुलपाच्या वेळेला. परतीचा पत्ता वाड्याचा द्या, घरात कुणी ना कुणी असतंच. पण परत आलेला माल तिथे साठवायचा नाही. दुसऱ्या दिवशी मांजलपूरला न्यायचा. वाड्यात साठा ठेवायला लागलात की ती जीएसटीत अतिरिक्त जागा म्हणून जोडावी लागेल आणि अन्न परवान्याचाही प्रश्न येईल.

उद्या एखाद्या ऑनलाइन बाजाराने 'माल आमच्या भिवंडीच्या गोदामात ठेवा, लवकर पोचेल' म्हटलं तर हुरळून जाऊ नका. दुसऱ्या राज्यात साठा म्हणजे महाराष्ट्राची वेगळी जीएसटी नोंदणी, २७ ने सुरू होणारी. तुमच्या गुजरातच्या, २४ ने सुरू होणाऱ्या नोंदणीत भिवंडी जोडता येत नाही.

परतीच्या पत्त्यावर फोन नंबर पेढीचा हवा, घरच्या लँडलाइनचा नको. घरी कुणी फोन उचलला नाही की 'पत्ता सापडला नाही' असा शेरा पडतो, आणि पार्सल पुन्हा मुंबईला निघतं.

पत्रपेटी

कुलपाचा तोडगा: डिलिव्हरी पोस्टात जाऊन त्या बीटची वेळ विचारा. पोस्टमन ११-१२ च्या सुमारास येत असेल तर तुमचं ९ ते २ पुरतं, काही करायची गरज नाही. उशिरा येत असेल तर शेजारच्या दुकानदाराला लेखी अधिकारपत्र द्या, त्याच्या नमुना सहीसकट, आणि एक प्रत पोस्टात. तोंडी सांगून ठेवलेलं सहीच्या टपालाला चालत नाही. शेजारी कुणी घेणारा नसेल तर बँक आणि विमा यांना पत्रव्यवहाराचा पत्ता वाड्याचा द्या. बँका नोंदणीचा आणि पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा घेतात, फक्त दोन्हीचा पुरावा मागतात. जीएसटीच्या नोटिसांना मात्र हा मार्ग नाही, त्या नोंदलेल्या जागी, पोर्टलवर आणि ईमेलवर येतात. यांतल्या कुठल्याही एका मार्गाने आली तरी बजावली गेली असं धरतात.

हिशेबनीस

यात एक भर. करार ११ महिन्यांचा आहे, म्हणजे वर्ष भरायच्या आत संपणार. तारीख भिंतीवर लिहा. जागा तीच राहिली तरी नवा करार करून फाइलला ठेवा, कारण पुढे काही दुरुस्ती करायला गेलात की संपलेला करार चालत नाही. जागा बदलली तर १५ दिवसांत आरईजी-१४, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज. मुख्य जागेचा बदल हा गाभ्याच्या माहितीतला, म्हणजे अधिकाऱ्याच्या मंजुरीने होणारा. घटकही बदलू शकतो. मग पॅन, बँक, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी). पेढी नोंदवलेली असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे निबंधकाकडेही मुख्य जागेचा बदल कळवायचा, हे लोक हमखास विसरतात. अन्न परवान्याचं मात्र हलण्याआधी बघा. जुन्या जागेच्या परवान्यावर नव्या जागेत चूल पेटवता येत नाही.

चटणीप्रेमी

आमचं प्रायव्हेट लिमिटेड करायचं चाललंय. यातलं काय बदलेल?

हिशेबनीस

कंपनीला 'नोंदणीकृत कार्यालय' लागतं, टपाल घेऊन पोच देता येईल असं. स्थापनेपासून ३० दिवसांत जागेची खातरजमा आयएनसी-२२ या नमुन्यात, लाइट किंवा फोनचं बिल २ महिन्यांपेक्षा जुनं नको. बाहेर पाटी लागते, आणि ती त्या भागात चालणाऱ्या लिपीतही हवी, म्हणजे बडोद्यात गुजरातीतून. चूक झाली तर दिवसाला १,००० रुपये, १ लाखापर्यंत. निबंधक स्वतः माणूस पाठवून तपासू शकतो. लेटरहेडवर पत्ता आणि सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक). हा पत्ता कंपनीच्या सार्वजनिक नोंदीत कुणालाही दिसतो, घरचा द्यायचा की नाही हे त्या हिशेबाने ठरवा. जीएसटी क्रमांक टाकला की मुख्य जागाही तशीच दिसते.

मेतकूट

करार नव्याने लिहायला घेतला आहे, वीज आणि वेरा घालून. पाऊच थांबवले. गूगलच्या नकाशावर कुठला पत्ता टाकू? गिऱ्हाईक दारात यायला नको आहे.

रिटर्नवाला

मग पत्ता दिसू देऊ नका. प्रोफाइलमध्ये 'घरपोच सेवा देणारा व्यवसाय' म्हणून शहर-भाग निवडा, पत्ता लपवता येतो. पडताळणीला मात्र खरा पत्ता लागतो, बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतलं मशीन, कुलूप किल्लीने उघडताना. पाटी लावल्यावरच व्हिडिओ करा. पोस्ट बॉक्स तिथे चालत नाही.

पत्रपेटी

आणि पाटी गुजरातीत व इंग्रजीत, दोन्हीत करा. पोस्टमन गुजराती वाचतो, कुरियरचा पोरगा इंग्रजी. मराठीत आतल्या दारावर लिहा, हौस म्हणून.